नर्मदा बचाओसारख्या आंदोलनांमुळे देशाचा विकास रखडतो, हे खरं आहे का?

या आंदोलनाने ज्याला विरोध केला ते गुजरातमधलं नर्मदेवरचं सरदार सरोवर धरण रखडलं, हो. विकास रखडला असं मी म्हणणार नाही, आणि आम्हा इंदूरवाल्यांनी तर ते म्हणूच नये. आमच्या नळाला नर्मदा आली कशी? १९७० साली लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे सरकार हललं आणि १९७८ मध्ये नर्मदाकाठच्या जलूदहून पाणी आलं, ७० किलोमीटर लांबून, पंपांनी घाट चढवून. माझे काका तेव्हा कॉलेजात होते, मोर्च्यात होते, अजून अभिमानाने सांगतात. आणि हेच काका नर्मदा बचाओच्या नेत्या मेधा पाटकर टीव्हीवर दिसल्या की "विकासविरोधी" म्हणून चॅनल बदलतात.

२०१९ च्या पावसाळ्यात मी मैत्रिणीच्या मामांचं घर आवरायला निसरपूरला गेले होते, मध्य प्रदेशात कुक्षीजवळ, धरणाच्या बुडिताखालच्या गावात. सरदार सरोवर त्या वर्षी पहिल्यांदा पूर्ण १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. आम्ही पोचलो तेव्हा खालच्या गल्ल्यांत पाणी शिरलं होतं आणि मामा पहारीने दाराची सागवानी चौकट उखडत होते, मामी म्हणतायत राहू द्या आता, पण ते ऐकेनात, नवी चौकट घ्यायला पैसे कुठून आणायचे. ट्रॉलीत चौकट, पत्रे, धान्याच्या कोठ्या, वर देवघर बांधलेलं. नव्या बसाहटीत, म्हणजे पुनर्वसनाच्या वस्तीत, ती ट्रॉली काळ्या चिखलात अशी रुतली की दुसरा ट्रॅक्टर बोलवावा लागला. मोठा मुलगा सज्ञान, म्हणजे त्याचं वेगळं कुटुंब धरायचं, हे नर्मदेच्या पाणीवाटपाच्या लवादाने १९७९ सालीच लिहून ठेवलंय. पण ऑफिसात एकच उत्तर, यादीत नाव नाही.

लवादाची अट अशी होती की ज्याची २५ टक्क्यांपेक्षा जास्त जमीन जाते त्याला किमान २ हेक्टर सिंचनाची जमीन द्यायची, तीही बुडण्याच्या आधी. आंदोलनाने ही अट लावून धरली म्हणून विषय जिवंत राहिला. वर्ल्ड बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर कर्ज मंजूर केलं होतं, मग त्यांच्याच मोर्स समितीने १९९२ ला पुनर्वसनाचे वाभाडे काढले आणि पुढच्या वर्षी भारताने उरलेलं कर्ज सोडलं. २०१७ ला सुप्रीम कोर्टाने जमीन न मिळालेल्या काहीशे कुटुंबांना प्रत्येकी ६० लाख द्यायला लावले, ते काय कोणी घरी आणून दिले असते? धरणाच्या विजेत मध्य प्रदेशाचा वाटा ५७ टक्के, म्हणजे धरणाचा फायदा आमच्या शहरांना आणि जमीन गेली निमाडची, म्हणजे निसरपूरच्या भागाची, शिवाय महाराष्ट्रातल्या अक्कलकुवा-धडगावच्या आदिवासींची. याला मी आर्थिक धोरण म्हणत नाही, एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या खिशात घालणं म्हणते.

आता हेही खरं की कच्छ-सौराष्ट्रात प्यायचं पाणी पोचलं आणि तिथल्या बायकांची पायपीट वाचली, ते मी नाकारत नाही. १९९५ नंतर कोर्टाच्या स्थगितीत वर्षं गेली, खर्च वाढला, तेही मान्य. धरणच नको या भूमिकेशी मी स्वतः पूर्ण सहमत नाही. पण पुनर्वसन वेळेत केलं असतं तर कोर्टात जायला मुद्दाच कुठे उरला असता?

तुम्हाला कोणी विकासविरोधी म्हणून ऐकवलं तर त्यांच्या शहराचं पाणी कुठून येतं ते आधी विचारा. मी काकांना दिवाळीत विचारलं. म्हणाले, आमचं वेगळं होतं, आम्हाला पाणी हवं होतं. निसरपूरवाल्यांना जमीन हवी होती, तीही लवादाने ठरवून दिलेली. यात वेगळं काय, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही.