लॉर्ड ग्रेंज आणि बेटावर डांबलेली बायको

लॉर्ड ग्रेंजने बायकोला समुद्रातल्या बेटावर डांबलं ही गोष्ट खरी की रचलेली, आणि न्यायाधीशाला कोणी हटकलं कसं नाही, असं तुम्ही विचारलंय. गोष्ट खरी आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला राजकारणापेक्षा त्याच्या घरात जास्त सापडतं.

ग्रेंज म्हणजे जेम्स अर्स्किन. स्कॉटलंडचं वरिष्ठ दिवाणी न्यायालय म्हणजे कोर्ट ऑफ सेशन; त्याच्या न्यायाधीशांना पदामुळे लॉर्ड म्हणतात, तसा हा लॉर्ड. खरी सरदारकी थोरल्या भावाची, मारच्या अर्लची. त्याने १७१५ चं जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांचं बंड उभारलं, ते फसलं, तो परदेशी पळाला. धाकट्याने आपली खुर्ची सांभाळली आणि भावाची जप्त झालेली जहागीर घराण्यात परत आणायची खटपट केली. दोन्ही दगडांवर पाय.

बायको रेचेल चीझली. तिच्या बापाने १६८९ मध्ये कोर्टाचे प्रमुख सर जॉर्ज लॉकहार्ट यांना एडिनबरात गोळी घालून मारलं. का, तर त्यांनी बापाच्या बायकामुलांना वर्षाला १,७०० मर्क (जुनं स्कॉटिश चलन) पोटगी ठरवून दिली होती! बाप फासावर गेला, आणि अशा माणसाची लेक पुढे न्यायाधीशाच्याच घरात नांदायला आली. नऊ मुलं झाली. मग नवऱ्याचं लंडनमधल्या कॉफीहाउसवाल्या फॅनी लिंडसेशी असलेलं प्रकरण उघडकीस आलं आणि १७३० मध्ये दोघं वेगळी झाली.

त्याची जॅकोबाइटांशी असलेली संधानं उघड करीन अशी ती धमकी देई, म्हणून तिला पळवलं, असं बहुतेक सांगतात. धमकी होतीच. पण २२ जानेवारी १७३२ च्या रात्री हायलँडर (उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले लोक) तिला उचलून घेऊन गेले, त्यानंतर पोटच्या मुलांपैकीही कोणी जाहीर ब्र काढला नाही. थोरली तर मोठी झालेली होती. ‘बापासारखीच माथेफिरू’ एवढं म्हटलं की भागत असे. खुनाचा डाग लेकीला चिकटलेला नवऱ्याच्या पथ्यावर पडला.

आधी दोनेक वर्षं स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या हेस्कर बेटावर, मग आणखी पश्चिमेला, अटलांटिकातल्या सेंट किल्डावर. तिथे सगळे गेलिक बोलणारे, तिला ती भाषा येत नव्हती. तिची पत्रं १७४० च्या सुमारास एडिनबरात पोचली आणि तिच्या वकिलाने, थॉमस होपने, जहाज पाठवलं. तोवर तिला तिथून हलवलं होतं. १७४५ मध्ये ती स्काय बेटावर वारली.

इकडे ग्रेंजला पार्लमेंटात जायचं होतं. स्कॉटिश न्यायाधीशांना पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहाची, कॉमन्सची, दारं बंद करणारा कायदा आला, तर त्याने १७३४ मध्ये न्यायासनच सोडलं. पार्लमेंटात त्याने जादूटोण्याविरुद्धचे जुने कायदे रद्द करायला विरोध केला आणि हसं करून घेतलं. १७५४ मध्ये तो लंडनमध्ये वारला. खटला कधी उभाच राहिला नाही. मुलगा जेम्सने त्या बंडखोर काकाच्याच मुलीशी लग्न केलं, आणि त्यांच्या मुलाला १८२४ मध्ये मारची अर्लकी परत मिळाली.