जर्म लेयरमध्ये जंतू नसतात

विलेपार्ल्याच्या एका ताई वंध्यत्वावर उपचार करणाऱ्या एका दवाखान्यासाठी माहितीपत्रकं मराठीत करतात. त्या विचारतात: "मसुद्यात 'तिसऱ्या आठवड्यात गर्भात तीन जंतूस्तर तयार होतात' असं वाक्य आलंय. तिथले डॉक्टर म्हणतात, जंतूस्तर खटकतं, जननस्तर करा. नेमकं काय लिहू? आणि एम्ब्रियोला गर्भ म्हणावं की भ्रूण?"

दुसऱ्या प्रश्नाकडे मागाहून येतो. आधी हा जंतूस्तर, म्हणजे इंग्रजी जर्म लेयरचं भाषांतर: भ्रूणातले जे थर पुढे सगळं शरीर घडवतात, ते. क्लासच्या नोट्स, आरोग्य पुरवण्या, परदेशी माहितीपटांची मराठी भाषांतरं, कुठेही तोंड वर काढतो मेला. शुद्धलेखनातच नापास आहे तो. समासाचं पहिलं पद म्हणून जंतु ऱ्हस्व हवा, जंतुनाशक, जंतुसंसर्ग, तसा. पण ऱ्हस्व केल्यानं काही बरं होण्यातलं दुखणं नाही हे. महिनोन्‌महिने इंजेक्शनं टोचून घेतलेल्या, सोनोग्राफीच्या रांगेत बसून कंटाळलेल्या बाईच्या हातात "तुमच्या गर्भात तीन जंतूस्तर" असा कागद ठेवलात तर ती थेट अँटिबायोटिक लिहून मागेल. आणि तिचं चुकलं असं कोण म्हणेल?

जर्म म्हणजे जंतू एवढंच ज्यांना माहीत, त्यांनी दादरला औषधाच्या दुकानात व्हीट जर्म ऑइलच्या कॅप्सूल मागून बघाव्यात. गव्हाच्या जंतूंचं तेल म्हणून त्याकडे बघून कोणी नाक मुरडत नाही. तिथला जर्म म्हणजे गव्हाच्या दाण्यातला अंकुराचा भाग. आपला जर्म लेयरही तोच.

इंग्रजीत जर्म आला फ्रेंचमधून, आणि त्यामागे उभा आहे लॅटिनचा गेर्मेन: कोंब, अंकुर, कळी. आता खरी मजा. हा गेर्मेन मुळात गेन्‌मेन असावा आणि म च्या आधीच्या न चा र झाला असावा, असं बरेच व्युत्पत्तिकार मानतात. लॅटिनला ती खोड आहेच. कानेरे म्हणजे गाणे. त्यावरून गाणं, मंत्र या अर्थाचं नाम कान्‌मेन व्हायला हवं होतं, झालं कार्मेन. तर गेन्‌मेन. त्यातला गेन म्हणजे आपला जन् धातू. मेन म्हणजे आपला मन् प्रत्यय, कर्मन् आणि वर्त्मन् मध्ये असतो तो. जन् ला मन् लावा: जन्मन्. म्हणजे जर्म आणि जन्म हा एकच शब्द! एक रोमहून पॅरिस-लंडन करत जीवशास्त्राच्या पुस्तकात आला, दुसरा आपल्या दाखल्यावर तारखेच्या आधी बसलाय.

काही पंडित गेर्मेनचं नातं गेरेरे म्हणजे वाहणे, धारण करणे याच्याशी लावतात. लावोत बापडे. पण गेरेरेचं मूळ गेस्. लॅटिनमध्ये स चा र होतो तो दोन स्वरांच्या मध्ये, म च्या आधी नव्हे. मग गेस् ला मेन लावल्यावर हा र आला कुठून, याचं उत्तर त्यांनी आधी द्यावं.

यावर जंतूवाले म्हणणार, अहो, जंतुसुद्धा जन् धातूचाच ना? आहेच. जन्तु म्हणजे जो जन्मला तो, कुठलाही जीव. गीतेत 'तेन मुह्यन्ति जन्तवः' म्हटलंय तेव्हा मोहात पडणारे जंतू म्हणजे तुम्हीआम्हीच, कॉलऱ्याचे नव्हेत. मराठीतही जीवजंतूमध्ये तो जुना ऐसपैस अर्थ अजून शिल्लक आहे. मग तो आकसला कधी? माझा एक आवडता सिद्धांत आहे, आणि तो ऐकवल्याशिवाय मी पुढे जाणार नाही: जंतूला रोगाच्या कोठडीत डांबलं ते मुंबईच्या प्लेगनं. 1896च्या सप्टेंबरात मांडवीला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. दोनच वर्षांपूर्वी, 1894मध्ये, हाँगकाँगला येर्सिननं त्याचा जंतू शोधलेला होता. 1897च्या जानेवारीत हाफकिननं ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली लस स्वतःला टोचून घेतली. घरं धुऊन काढणं, माणसं उचलून नेणं, लस घ्यावी की न घ्यावी, या गदारोळात डोळ्यांना न दिसणाऱ्या मारेकऱ्याला घरोघरी नाव लागलं, आणि हाताशी शब्द होता जंतू. यावर कोणी पोटातले जंत पुढे करील, कारण जंत हाही जंतूचाच तद्भव आणि तो प्लेगच्या कितीतरी आधीचा. मान्य. पण जंत डोळ्यांना दिसतात! न दिसणाऱ्याला जंतू म्हणण्याची सवय ही या शहराची कमाई, असं माझं मत आहे आणि ते मी सोडणार नाही.

युरोपातही जर्म असाच बिघडला. 1546मध्ये फ्राकास्तोरो या इटालियन वैद्यानं साथीच्या रोगांवर लिहिताना रोगाची 'बीजं' असा शब्द वापरला. रोग बीजातून उगवतो, हीच ती कल्पना. पुढे पाश्चर, कॉख यांच्या काळात बीज म्हणजेच सूक्ष्म जीव असं ठरलं आणि अंकुराच्या गळ्यात रोगाची पाटी अडकली. पण जर्म लेयर ही कल्पना या सगळ्याच्या आधीची, हे आमचे भाषांतरकार विसरतात.

ती आली 1817मध्ये. रीगाचा क्रिस्टियान पांडर, सधन घरचा तरुण, जर्मनीत वुर्त्सबर्गला उबवलेली कोंबडीची अंडी फोडून बघत होता. पिवळ्या बलकावर पसरलेल्या चकतीत त्याला एकावर एक थर दिसले, आणि पुढचं सगळं पिल्लू त्या थरांच्या घड्यांतून घडतं, हे त्यानं मांडलं. थरांसाठी जर्मनमध्ये शब्द आला काइमब्लाट. काइम म्हणजे अंकुर, ब्लाट म्हणजे पान. वनस्पतिशास्त्रातही काइमब्लाट आहे, आणि त्याचा अर्थ माहितीय? वालाला मोड येऊन रोप वर आलं की जी दोन जाड दळं उघडतात ती. बीजपत्र! एकबीजपत्री, द्विबीजपत्री शाळेत घोकलं होतं ना, तेच बीजपत्र जर्मन माणूस गर्भविज्ञानातही वापरतो. हा योगायोग नाही. पांडरच्या आधी कास्पार वोल्फनं रोपाचं आणि पिल्लाचं वाढणं शेजारी शेजारी ठेवून अभ्यासलं होतं, आणि आतडं हे मुळात पानासारखा सपाट पापुद्रा असून दुमडून त्याची नळी होते, असं अठराव्या शतकातच दाखवलं होतं. पांडरचा मित्र फॉन बेअर यानं ही थरांची कल्पना इतर पृष्ठवंशी प्राण्यांना लावली. थर नेमके तीन आणि कुठल्यातून काय होतं, हे रॉबर्ट रेमाकनं 1850च्या दशकात पक्कं केलं.

माणसातही तेच. फलनानंतर पाच दिवसांनी पेशींचा पोकळ गोळा होतो, ब्लास्टोसिस्ट. सहाव्या-सातव्या दिवसापासून तो गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. रुजणे हे क्रियापद इथे सगळे बिनतक्रार वापरतात, बघा, आणि रुजतो तो अंकुरच. दुसऱ्या आठवड्यात दोन थरांची चकती. तिसऱ्या आठवड्यात वरच्या थरावर एक रेघ उमटते, तिच्या वाटेनं पेशी आत शिरतात आणि दोनाचे तीन थर होतात. म्हणजे तिन्ही थर त्या एका वरच्याच थराची लेकरं. खालचा जुना थर बाजूला सारला जातो. बाहेरच्या थरातून मेंदू, मज्जारज्जू, वरची त्वचा, केस, नखं. मधल्यातून हाडं, स्नायू, हृदय, रक्त, मूत्रपिंडं. आतल्यातून अन्ननलिकेपासून आतड्यापर्यंतचं अस्तर, फुप्फुसांचं अस्तर, यकृत, स्वादुपिंड. मेंदू आणि नखं एकाच थरातली, हे कळल्यावर काही लोकांचं वागणं मला जास्त समजू लागलं.

आता डॉक्टरसाहेबांचा जननस्तर. हा शब्द रुळलाय, पुस्तकांत आहे, परिभाषा करणाऱ्यांना प्रिय आहे. आणि व्युत्पत्तीनं बघाल तर जन् धातू आहेच त्यात. तरीही मला तो मुळीच पसंत नाही. मराठीत जनन म्हटलं की डोळ्यांपुढे प्रजनन येतं: जननेंद्रियं, जननपेशी. विद्यार्थी बिनदिक्कत समजतो की बीजांडं आणि शुक्रपेशी या 'जननस्तरा'तून होतात. वस्तुस्थिती नेमकी उलटी. पुढे ज्यांच्यापासून बीजांडं किंवा शुक्रपेशी होणार त्या आद्य जननपेशी या तीन थरांच्या वाटणीत नसतातच. त्या फार लवकर बाजूला निघतात, पीतककोशाच्या, म्हणजे भ्रूणाला जोडलेल्या पिशवीच्या, भिंतीत मुक्काम करतात आणि नंतर चालत चालत जननग्रंथींच्या जागी पोचतात. म्हणजे ज्या पेशींचा जननाशी खरा संबंध, त्याच या 'जननस्तरां'बाहेर! असा शब्द घडवणाऱ्यांनी जर्म सेल (जननपेशी) आणि जर्म लेयर एकाच शाईत बुडवले, दुसरं काय. अंकुरस्तर लिहा. गेर्मेनलाही तो चालेल, काइमलाही आणि मटकीला मोड आणणाऱ्या आपल्या आयांनाही.

हां, गर्भ आणि भ्रूण. संस्कृतवाले तुम्हाला अमरकोश ऐकवतील, 'गर्भो भ्रूण इमौ समौ', दोन्ही सारखेच. अमरसिंहाला वंध्यत्वाच्या दवाखान्याची पत्रकं लिहायची नव्हती. आपल्याकडे रेघ कायद्यानंच आखून दिली आहे. गर्भलिंगनिदानाला बंदी करणाऱ्या 1994च्या कायद्यात 2003च्या दुरुस्तीनं व्याख्या आल्या: फलनापासून 56 दिवसांपर्यंत एम्ब्रियो, 57व्या दिवसापासून जन्मापर्यंत फीटस. पहिल्याला भ्रूण, दुसऱ्याला गर्भ म्हणा, भांडण मिटलं. मात्र मग स्त्रीभ्रूणहत्या या शब्दाचं काय करायचं ते भाषणं करणाऱ्यांनी ठरवावं. सोनोग्राफीत लिंग दिसतं ते 56 दिवस केव्हाच उलटून गेल्यावर, तेव्हा हत्या होते ती गर्भाची.

गर्भावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. गर्भचं प्राकृत गब्भ, त्याचं मराठी गाभ. गाय गाभण, केळीचा गाभा, देवाचा गाभारा म्हणजे गर्भागार. गुराला, झाडाला आणि देवाला अस्सल मराठी तद्भव मिळाला. बाईच्या वाट्याला मात्र सोवळ्यातला गर्भ, आणि तिला गाभण म्हटलं तर मारामारी. मासळीलाही तद्भवच: गाभोळी. भाऊच्या धक्क्यापासून सिटीलाइटच्या बाजारापर्यंत लोक सर्रास 'गाबोळी' म्हणतात आणि हॉटेलवाले मेन्यूवर तसंच छापतात. कोळणींनी काहीही म्हणावं, बाजार त्यांचा आहे. पण छापणाऱ्यांनी भ चा ब करून गर्भाशी नातं तोडू नये. मला विचाराल तर हा गाभ अधिक ओळी, कारण दाणे ओळीनं लागलेले. गाभगोळीचं आखडून गाभोळी झालं म्हणणारेही भेटतात. त्यांनी पावसाळ्याच्या तोंडावर एकदा ताजी घेऊन नीट बघावी. शास्त्र म्हणून सांगतो, गाभोळीतली अंडी फळलेली नसतात, त्यामुळे तिच्यात भ्रूण नाही, अंकुरस्तर तर नाहीतच.

तर ताई, वाक्य असं करा: 'तिसऱ्या आठवड्यात भ्रूणात तीन अंकुरस्तर तयार होतात: बाह्यस्तर, मध्यस्तर आणि अंतःस्तर.' डॉक्टर अडून बसले तर पहिल्या उल्लेखात 'म्हणजेच जननस्तर' जोडा, भांडण माझ्याकडे पाठवा. ब्लास्टोसिस्टला ब्लास्टोसिस्टच राहू द्या. पेशंट तो शब्द तपासणीच्या कागदावर रोज वाचतात. परखनळी हिंदी आहे, आपली परीक्षानळी; तसंही फलन नळीत होत नाही, बशीत होतं. 1986मध्ये परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून 'टेस्ट ट्यूब बेबी' जन्मली तेव्हापासून ही नळी मराठीत अडकून बसली आहे. आणि अर्भक हा शब्द बाळ बाहेर येऊन रडल्यावरच काढा, आधी नाही.