आयर्लंडमध्ये खरंच कुणी आयरिश बोलतं का? आमच्या मुलीने ती का शिकावी?

तुम्ही पुण्याहून डब्लिनला येताय, मुलगी सात वर्षांची आहे, आणि इथल्या शाळेत आयरिश भाषा सक्तीची आहे हे कळल्यापासून तुम्हाला प्रश्न पडलाय : जी भाषा तिथले लोकच बोलत नाहीत असं ऐकतो, ती पोरीच्या माथी कशाला? ती न शिकण्याची सवलत मिळते का, हेही विचारलंय. मी गेली अकरा वर्षं डब्लिनमध्ये राहते. माझी लेक इथल्याच प्राथमिक शाळेत शिकली, म्हणून हे उत्तर लिहायला बसले.

सवलतीचं आधी सांगून टाकते. परदेशातून आली एवढ्याच कारणावर सात वर्षांच्या मुलीला ती मिळत नाही. बारा वर्षं पूर्ण झालेली मुलं बाहेरून आली तर त्यांना मिळू शकते. पण तुमच्या लेकीला मिळत असती तरी मी "घेऊ नका" असंच म्हटलं असतं.

आता बोलण्याचं. २०२२ च्या जनगणनेत १८,७३,९९७ लोकांनी "आम्हाला आयरिश येते" असं लिहिलं. म्हणजे तीन वर्षांवरच्या शंभर माणसांत चाळीस. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांनी पुढे "नीट येत नाही" हेही कबूल केलं. शाळा-कॉलेजच्या बाहेर रोज आयरिश बोलणारे मात्र ७१,९६८ च निघाले. एवढी माणसं आपल्याकडे तालुक्याच्या एका गावात असतात. आणि यातले जेमतेम वीस हजार गेल्तख्तात राहतात. गेल्तख्त म्हणजे सरकारने आयरिशभाषक म्हणून ठरवलेले भाग, बहुतेक पश्चिम किनाऱ्याला : डोनेगल, गॉलवेचा कॉनेमारा, केरीतलं डिंगलचं टोक. बाकीचे रोज बोलणारे देशभर विखुरलेत, एकेका घरात, एकेका शाळेत.

तेव्हा डब्लिनच्या दुकानात आणि दवाखान्यात तुमच्या कानावर इंग्रजीच पडेल. तरीही आयरिश तुम्हाला पहिल्याच दिवशी भेटेल. रस्त्यावरच्या प्रत्येक पाटीवर वरच्या ओळीत गावाचं आयरिश नाव तिरप्या अक्षरांत असतं, खाली इंग्रजी. शहराच्या मध्याकडे जाणाऱ्या बसच्या कपाळावर "अन लॉर" असं लिहिलेलं असतं, म्हणजे मध्यभाग. मी पहिल्या आठवड्यात ते एखाद्या उपनगराचं नाव समजून नकाशात शोधत बसले होते. पबमधल्या स्वच्छतागृहाच्या दारांवर अनेकदा इंग्रजी नसतंच, फक्त "फिर" आणि "म्नॉ". दुसरा शब्द इंग्रजी एम अक्षराने सुरू होतो, म्हणून परदेशी पुरुष हमखास त्या दाराने आत जातात. ते दार बायकांचं. पोलिसाला इथे सगळे "गार्डा" म्हणतात, संसदेच्या कनिष्ठ सभागृहाला "डॉल", पंतप्रधानाला "तीशख". इंग्रजी बोलतानाही हे शब्द बदलत नाहीत. आपल्या मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या घराण्यातले लिओ वराडकर दोनदा या देशाचे तीशख झाले, २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये. वडील मुंबईचे डॉक्टर, आडनाव अस्सल कोकणी, आणि पदाचं नाव आयरिश. मला त्याचं फार अप्रूप वाटायचं.

तुमच्या मुलीच्या वर्गात नीव, शिवॉन, ईफा अशा मुली असतील. त्यांची नावं कागदावर बघून घाबरू नका. "नीव" लिहिताना एन-आय-ए-एम-एच असं लिहितात. जुन्या आयरिश लिपीला अठराच अक्षरं पुरायची, त्यात व नव्हता. म्हणून ब किंवा म च्या पुढे एच लावला की त्याचा व होतो. नियम कळला की स्पेलिंग इंग्रजीपेक्षा सरळ आहे. स्वरावर एक तिरपी रेघ असते, तिला "फादा" म्हणतात, म्हणजे लांब. आपला दीर्घच तो. ती रेघ गाळली की अर्थ बदलतो, म्हणून आपल्या नावावरची फादा कुठल्या कचेरीच्या संगणकाने खाल्ली तर इथली माणसं पत्र लिहून भांडतात, आणि बरोबरच करतात.

मग एवढा मान असलेली भाषा बोलण्यातून गेली कशी? १९३७ च्या राज्यघटनेत आयरिश ही राष्ट्रभाषा आणि पहिली अधिकृत भाषा आहे, इंग्रजी दुसरी. तरी हे असं का? आमच्या शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या. मूळ मेयो काउंटीतल्या. त्यांची पणजी आयरिशच बोलायची, पण आपल्या मुलांशी मोडक्या इंग्रजीत बोलायची. कारण मुलं बोटीत बसून अमेरिकेला जाणार हे तिला ठाऊक होतं. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला, त्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तेवढीच देश सोडून गेली. मार बसला तो सगळ्यात जास्त पश्चिमेकडच्या गरिबांना, आणि आयरिश बोलणारे तेच होते. त्याआधी १८३१ पासून सरकारी शाळा निघाल्या होत्या, त्या इंग्रजीच्या. मुलाच्या गळ्यात एक काठी अडकवायची, तो आयरिश बोलला की तिच्यावर एक खाच पाडायची, आणि संध्याकाळी खाचा मोजून तेवढे फटके. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की या खाचा पाडण्यात आईवडीलही सामील असायचे. त्यांना भाषेचा राग नव्हता. पोरं उपाशी मरू नयेत एवढंच हवं होतं. नर्सरीच्या रांगेत उभं राहून मराठी माध्यम नको म्हणणारे आपले लोक मला तेव्हा आठवले, आणि त्यांना नावं ठेवण्याची माझी घाई कमी झाली.

त्या शेजारच्या आजींना स्वतःला आयरिश किती येते? शाळेत त्यांना धपाटे खाऊन व्याकरण पाठ करावं लागलं, आणि भाषेची नावड बसली. आज त्यांना एक प्रार्थना आठवते, आणि एक वाक्य : "अन विल क्याद अगम दुल ग जी अन लेहरस?" म्हणजे "मी शौचालयात जाऊ का?" इथल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाला हे वाक्य येतं, कारण वर्गात ते आयरिशमध्ये म्हटल्याशिवाय उठू देत नसत. तेरा-चौदा वर्षं शिकून हातात एवढंच उरलं, याची त्यांना खंत आहे. "आमची भाषा आम्हाला येत नाही," हे वाक्य मी इथे किती जणांकडून ऐकलंय, आणि म्हणताना ते नजर खाली घालतात.

आता मी तुम्हाला "सवलत घेऊ नका" का म्हणते ते. लेक पहिलीत असताना स्वयंपाकघरातल्या टेबलावर गृहपाठ करत होती, मी कुकर लावत होते. तिने मोठ्याने वाचलं, "ता ओक्रस ऑरम." मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाली, "आय ॲम हंग्री." मी म्हटलं, शब्दाला शब्द लावून सांग. बाईंनी सांगितलेलं तिच्या लक्षात होतं : "भूक आहे माझ्यावर." मी तिथेच थांबले. इंग्रजीत माणूस स्वतःच भुकेला असतो. आपल्याकडे भूक बाहेरून येऊन माणसाला लागते. मला भूक लागली, मला थंडी वाजते, मला राग आला. आयरिशमध्येही भूक, थंडी, राग, आनंद हे सगळे माणसावर येऊन बसतात. "सॉरी" म्हणायचं तर "ता ब्रोन ऑरम", माझ्यावर दुःख आहे. "मला आयरिश येते" याला "ता गेल्गे अगम", आयरिश माझ्यापाशी आहे. इंग्रजीतल्या "हॅव" साठी या भाषेत क्रियापदच नाही. आपल्याकडेही नाही. आपण "माझ्याकडे पैसे आहेत" म्हणतो, तेही तसंच म्हणतात.

आणि तहानेला शब्द आहे "तार्त". संस्कृत तृषा, आपली तहान आणि हा तार्त एकाच मुळाचे. दहाला "देह", गाईला "बो", राजाला "री", नव्याला "नूअ". दोन टोकांना गेलेल्या भावंडांच्या तोंडावळ्यात आजी दिसावी तसं होतं ते. त्या रात्री आम्ही दोघी वही घेऊन बसलो आणि भाजी करपली.

आयरिशमध्ये "हो" आणि "नाही" असे सुटे शब्द नाहीत. प्रश्नात जे क्रियापद असेल तेच उत्तरात परत म्हणायचं. ऐकायला विचित्र वाटतं, पण आपण काय करतो बघा. "जेवलीस?" "जेवले." "दूध आहे का?" "आहे." हे माझ्या लेकीला शिकवावं लागलंच नाही. तिच्या वर्गातली इंग्रजीभाषक मुलं तिथेच अडखळायची.

दुसरीच्या उन्हाळ्यात आम्ही गॉलवेहून किनाऱ्याकिनाऱ्याने स्पिडलला गेलो. ते गेल्तख्त. एका छोट्या दुकानात काउंटरमागे एक बाई आणि पुढे दोन म्हातारे, तिघं जोरजोरात आयरिशमध्ये बोलत होते. आम्हाला बघून तिघांनी क्षणात इंग्रजी सुरू केलं, अगदी आदराने. परका माणूस आला की भाषा बदलायची ही त्यांची पिढ्यांची सवय. (पुण्यात आपणही परक्याशी लगेच हिंदी सुरू करतो, ते मला तिथे पहिल्यांदा जाणवलं.) लेक काउंटरवर हनुवटी टेकून म्हणाली, "अन विल ऊख्तर रोट्ये अगिव?" तुमच्यापाशी गोठलेली साय आहे का? आईस्क्रीमला आयरिशमध्ये हाच शब्द आहे. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ता, अ स्तोर." आहे, माझ्या खजिन्या. आपण "सोन्या" म्हणतो ना, तसं. मग एका म्हाताऱ्याने हातातला पेपर घडी करून ठेवला आणि तिला विचारलं, "के अस हू?" कुठली गं तू? ती म्हणाली, "ब्लॉ क्लीअ." हे डब्लिनचं आयरिश नाव, अर्थ असा की कूड टाकून नदी पायी ओलांडता येईल अशी केलेल्या जागेचं गाव. पुढचा पाऊण तास ते तिघं तिच्याशी बोलत होते, सावकाश, एकेक शब्द पुन्हा म्हणत. तिला निम्मं कळत होतं. माझ्याशी मात्र कुणी इंग्रजीतही बोललं नाही, आणि मला त्याचं एवढं बरं वाटलं की मी एका कोपऱ्यात उभी राहून ऐकत राहिले.

शाळेतलं आयरिश नेहमी असं गोड नसतं, हे लपवत नाही. बऱ्याच ठिकाणी ते परीक्षेचा विषय म्हणूनच शिकवतात. पण बारावीच्या बरोबरीच्या लीव्हिंग सर्ट परीक्षेत आता आयरिशचे चाळीस टक्के गुण तोंडी परीक्षेला आहेत, त्यामुळे बोलण्याला किंमत आलीय. सगळे विषय आयरिशमधून शिकवणाऱ्या शाळा आहेत, त्यांना "गेलस्कॉल" म्हणतात, आणि डब्लिनमध्येही त्यांत प्रवेशासाठी धडपडणारे पालक मला माहीत आहेत. मोठ्या मुलांना उन्हाळ्यात तीन आठवडे गेल्तख्तात पाठवतात. मुलं तिथल्या एखाद्या बाईंच्या घरी राहतात, जेवतात, नाचतात, आणि इंग्रजी बोलताना सापडली तर घरी पाठवलं जाण्याची भीती असते. लेक गेल्या वर्षी जाऊन आली. निघताना रडली होती, परत येतानाही रडली.

आणि भाषा म्हाताऱ्यांपुरती उरलीय असंही नाही. १९७२ पासून आयरिशचं रेडिओ केंद्र आहे, १९९६ पासून दूरचित्रवाणी वाहिनी. २०२३ मध्ये आयरिशमधला एक चित्रपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. बेलफास्टचा तीन पोरांचा एक गट आयरिशमध्ये रॅप करतो आणि लोक तिकिटं काढून ऐकतात. २०२२ पासून युरोपीय संघात आयरिशला पूर्ण दर्जा मिळाला, त्यामुळे भाषांतरकारांना नोकऱ्या आहेत. २०२१ च्या कायद्याने असंही ठरवलंय, की २०३० पर्यंत सरकारी नोकरीत नव्याने घेतल्या जाणाऱ्यांत शंभरात वीस जण आयरिश जाणणारे हवेत. तुमची मुलगी तेव्हा शाळेतच असेल, पण पुढे कोण काय करेल सांगता येत नाही.

तिसरी भाषा झेपेल का, अशी भीती असेल तर एकच सांगते : घरी मराठी सोडू नका. माझ्या लेकीला आयरिश सोपी गेली ती मराठीमुळे, इंग्रजीमुळे नाही.

आल्यावर तीन गोष्टी शिकून घ्या, मुलीआधी तुम्ही. भेटल्यावर "दिअ ग्विच", देव तुझ्यापाशी. त्यावर उत्तर येतं "दिअ इस म्वर ग्विच", देव आणि मेरीमाता तुझ्यापाशी. निघताना "स्लॉन". आणि आभाराला "गो रेव मह अगत", तुझ्यापाशी भलं असो. शाळेच्या फाटकावर एखाद्या आजोबांना एवढं म्हणून बघा.

पहिल्या महिन्यातच वहीत "ता ओक्रस ऑरम" येईल. तेव्हा तिच्याशेजारी बसा. आणि "ता" म्हणताना जीभ दातांना लावा, आपल्या तबल्यातला त. इंग्रजी ट लावलात तर ती लगेच चूक दाखवेल.