नवी ‘प्रजाती’ की नवी ‘जाती’?

पंचवटीतल्या एका ताईंनी विचारलं आहे: “कॅमेरूनच्या जंगलात वृक्षाची नवी प्रजाती सापडली, २०२२ मध्ये तिचं वर्णन करण्यात आलं, असं वाचलं. इथे प्रजाती म्हणायचं की जाती? आणि झाडाचं वर्णन केलं, ही काय बातमी झाली?”

ताई, जाती म्हणा. मराठी परिभाषेतली उतरंड अशी आहे: कुल, कुलाच्या पोटात प्रजाती, प्रजातीच्या पोटात जाती. सीताफळ दिवाळीच्या आगेमागे येतं, रामफळ उन्हाळ्याच्या तोंडाशी. या दोन वेगळ्या जाती, पण दोघांची प्रजाती एकच, ॲनोना. कॅमेरूनच्या एबो जंगलातलं ते झाडही सीताफळाच्याच कुलातलं. फणस जसा खोडाला लगडतो, तशी त्याची हिरवट-पिवळी फुलं थेट खोडावर येतात. नाव युव्हेरिऑप्सिस डिकॅप्रिओ. ते जंगल तोडू नये म्हणून अभिनेता लिओनार्डो डिकॅप्रिओ याने आवाज उठवला, त्याची आठवण म्हणून. यातली युव्हेरिऑप्सिस ही प्रजाती आधीपासून माहीत होती. नवी आहे ती जाती. ‘नवी प्रजाती’ लिहिलं की मराठीत अर्थच एक पायरी वर सरकतो.

हा गोंधळ बहुधा हिंदीतून आला. तिकडे आपल्या प्रजातीला ‘वंश’ म्हणतात आणि आपल्या जातीला सर्रास ‘प्रजाति’. शिवाय ‘जात’ शब्दाला समाजातला अर्थ इतका चिकटला आहे की लिहिणारा बिचकतो, असं मला वाटतं. पण म्हणून नेमका शब्द सोडू नये.

आणखी एक शब्द इथेच वेगळा काढू: वाण. थॉमसन, सोनाका, शरद सीडलेस हे आपल्याकडच्या द्राक्षांचे वाण. द्राक्षवेलाची जाती एकच.

आता ‘वर्णन’. ऐकताना कवीने चंद्राचं करावं तसं वाटतं खरं, पण वनस्पतिशास्त्रात तो जवळजवळ कायदेशीर विधी आहे. पानाफुलांची मापं घ्यायची, भाऊबंदांपेक्षा झाड कशात वेगळं ते दाखवायचं, एक वाळवलेला नमुना कायमचा प्रमाण ठरवून संग्रहालयात ठेवायचा, आणि लॅटिन धाटणीच्या नावासह हे सगळं प्रसिद्ध करायचं. २०११ संपेपर्यंत हा मजकूरही लॅटिनमध्येच द्यावा लागे, आता इंग्रजीही चालतं. हे होईपर्यंत शास्त्राच्या लेखी ती जाती नसतेच, मग गावकऱ्यांना ते झाड पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक का असेना. म्हणून ‘शोध लागला’पेक्षा ‘शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं’ हे जास्त खरं.

आपल्या अंजनेरीवरच्या कंदीलपुष्पाचंच बघा ना. सेरोपेजिया अंजनेरिका या जातीचं वर्णन २००६ सालचं. फूल मात्र त्या डोंगरावर कितीतरी आधीपासून दर पावसाळ्यात उमलत होतं.