तुटक बोलणं आणि तोडून बोलणं

सप्रेम आशीर्वाद.

लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नलसाठी, तू पाठवलेल्या पहिल्याच पॅचवर (कोडमधल्या बदलावर) ‘नॅक. कमिट मेसेजमध्ये कारण नाही. पुन्हा पाठव’ एवढंच उत्तर आलं (नॅक म्हणजे नकार, कमिट मेसेज म्हणजे बदलासोबतची टीप) आणि तू दिवसभर खट्टू होऊन बसलीस. त्यात राग शोधू नकोस. लिनक्स कर्नलची एक आवृत्ती साधारण 9-10 आठवड्यांत निघते आणि तिच्यात 10 हजारांहून जास्त बदल असतात. ‘प्रयत्न छान आहे’ लिहायला पॅच तपासून स्वीकारणाऱ्या मेंटेनरला उसंत कुठली? शिवाय त्या उत्तरात तुझ्याबद्दल अवाक्षरही नाही. उणीव काय, पुढे काय करायचं, दोन्ही सांगितलंय. गोड चार ओळी लिहून पॅच महिनोन्‌महिने लटकवणारा माणूस मला जास्त तापदायक वाटतो.

पण म्हणून सगळंच पोटात घालायचं नाही. डिसेंबर 2012 मध्ये कर्नल प्रोग्रामला अडचण कळवतो तो एक एरर कोड बदलला आणि नीट चालणारे प्रोग्राम बिघडले. संबंधित मेंटेनरने दोष प्रोग्रामवर ढकलला. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याचं म्हणणं बिनचूक होतं: कर्नलच्या बदलाने वापरणाऱ्याचा प्रोग्राम मोडला, तर चूक कर्नलचीच. चार ओळींत संपलं असतं. त्याने मात्र खुल्या ईमेल-यादीवर सगळ्यांदेखत त्या मेंटेनरला ‘तोंड बंद ठेव’ सुनावलं, तेही शिवी हासडून. जुनेजाणते म्हणत, तो तसाच आहे, मनात काही नसतं. असेलही. वर्षानुवर्षं सोबत काम केलेला माणूस ते पचवतो. पण ते ईमेल जगाला दिसतं, आणि बाहेरून वाचणाऱ्या नवख्याला नियम कळण्याआधी भीती कळते. अशा माणसाने पॅच पाठवलाच नाही, तर त्याची नोंदही कुठे होत नाही.

सप्टेंबर 2018 मध्ये लिनसने स्वतःच माफी मागितली आणि तो काही आठवडे बाजूला झाला, कर्नलची 4.19 ही आवृत्ती ग्रेग क्रोह-हार्टमन या ज्येष्ठ मेंटेनरने काढली. त्याच सुमारास आचारसंहिताही आली. प्रोग्राम न मोडण्याचा नियम मात्र तसूभर सैल झाला नाही. ‘शिव्यांशिवाय दर्जा टिकत नाही’ म्हणणाऱ्यांना मी हेच दाखवतो.

उद्या तू दुसऱ्यांचे पॅच तपासशील तेव्हा ‘हे लॉक इथे सुटत नाही’ अशी कोडमधली उणीव बेधडक लिही. ‘एवढंही कळत नाही का’ हे मात्र नको. आणि हो, मेंटेनरला ओळीओळीत ‘सर’ लिहू नकोस, ती मंडळी अवघडतात.

आता पॅचवर व्ही2 (दुसरी आवृत्ती) घाल, कमिट मेसेजमध्ये कारण लिही, आधीपेक्षा काय बदललं ते कमिट मेसेजनंतरच्या तीन रेघांच्या (---) खाली टाक आणि पाठवून दे. ‘रागावलात का’ विचारणारं वेगळं ईमेल नको.