एमआरआयमध्ये 'डिस्क बल्ज' आलाय, आता काय?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४२. तीन आठवडे झाले कंबर धरलीये, आणि उजव्या पायात कुल्ल्यापासून थेट अंगठ्यापर्यंत कळ जाते. एमआरआयमध्ये 'एल४-एल५ डिस्क बल्ज' आलंय. घरचे म्हणतात गादी सरकलीये, हलू नकोस, पडून राहा. ऑपरेशन करावं लागेल का?

उत्तर : पहिली गोष्ट, गादी (म्हणजे दोन मणक्यांमधली डिस्क) 'सरकत' वगैरे नाही हो, ती वरच्या-खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते, फक्त कडेने फुगते. आणि हे फुगणं इतकं कॉमन आहे की कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांचे स्कॅन २०१५ साली एकत्र तपासले तेव्हा चाळिशीतल्या साधारण निम्म्या लोकांत बल्ज सापडला! म्हणून नुसत्या रिपोर्टवर मी कधीच काही ठरवत नाही, पेशंटचा पाय बघतो. उताणं झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलला की ३० ते ७० अंशांच्या मधे ती पायातली कळ येते का, अंगठा वर ओढताना जोर कमी पडतो का, पावलाच्या वरच्या बाजूला बधिर वाटतं का. एल४-एल५ ला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधे, सहसा एल५ ची नस दबते आणि तुमची कळ अंगठ्यापर्यंत जातेय, म्हणजे तुमच्या बाबतीत रिपोर्ट आणि पाय जुळतायत, पण अंगठ्याची ताकद कुणी तपासली का ते तुम्ही लिहिलंच नाहीये, ती आधी बघून घ्या.

ताकद शाबूत असेल तर ऑपरेशनचा विषय आत्ता नकोच. बहुतेकांचा सायटिका (नस दबून पायात जाणारी ही कळ) ६ ते १२ आठवड्यांत आपोआप उतरतो. पडून राहायचं ते एखाद-दोन दिवस, फार तर, त्यापुढे उलट स्नायू ढिले पडतात आणि कंबर जास्तच आखडते. थोडं थोडं चाला, बसून काम असेल तर अर्ध्या तासाने उठा, गोळ्या डॉक्टरांना विचारून आणि थोडे दिवसच, व्यायाम फिजिओकडून शिकून घ्या (व्हिडिओ बघून नको, प्लीज). कळ कंबरेकडे वर सरकायला लागली तर ते चांगलं लक्षण, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी घाबरू नका. इंजेक्शनने काहींना काही आठवडे आराम पडतो, तेवढंच. दीड-दोन महिन्यांनीही पाय सहन होत नसेल तर सर्जनना भेटा, ऑपरेशनने पायाची कळ लवकर जाते हे खरं, पण वर्ष-दोन वर्षांनी ऑपरेशन केलेले आणि न केलेले पेशंट बऱ्यापैकी सारखेच दिसतात.

मात्र लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, संडासच्या जागी बधिर वाटलं, पाऊल लुळं पडलं, तर अपॉइंटमेंट वगैरे बघत बसू नका, त्याच दिवशी, रात्र असली तरी, थेट इमर्जन्सीत जा.