हे डोंगर आधीपासूनच बोडके होते का?

प्रश्न : मागच्या महिन्यात कोयनेच्या बाजूला ट्रेकला गेलो होतो. वर सडा (कातळाचं सपाट पठार) एकदम उघडा, खाली घळीत गच्च झाडी, आणि मधला उतार नुसता गवताचा. ग्रुपमध्ये वाद झाला, एक म्हणाला सगळं इंग्रजांनी तोडलं, दुसरा म्हणाला पूर्वीपासून असंच आहे. खरं काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दोघंही थोडे थोडे बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या जागांबद्दल.

आधी सडा. तिथे खाली जांभ्या दगडाची कातळ, त्यावर वीतभरही माती नाही, पावसाळ्यात पाणी साचतं आणि उन्हाळ्यात तव्यासारखं तापतं, तिथे मोठं झाड धरणार कुठून? कास पठार असंच, ते कुणी बोडकं केलेलं नाहीये. त्यामुळे सड्यावर खड्डे पाडून झाडं लावायचा जो उत्साह असतो ना, तो कृपया आवरा.

आता पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिमी पडतो म्हणजे केरळसारखं उंच जंगल हवं असं वाटतं, पण आपला जवळपास सगळा पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि पुढचे सात-आठ महिने कोरडे. दक्षिणेकडे हा कोरडा काळ बराच कमी. म्हणून आपल्याकडे वरच्या भागात अंजनी, जांभूळ, पिसा असं ठेंगणं, वाऱ्याने वाकलेलं सदाहरित जंगल. पाचगणीकडे उतरलात की वीसेक किलोमीटरमध्ये पाऊस निम्म्याहून कमी होतो आणि झाडीही बदलते. आणि हे हवामानही कायम असंच नव्हतं, निलगिरीच्या दलदलींत साठलेल्या जुन्या थरांवरून कळतं की वीसेक हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, पावसाळा कमजोर होता आणि गवत जास्त होतं.

मधला उतार मात्र बहुतेक माणसाचा. नाचणी-वरीसाठी डोंगरावर झाडी तोडायची, जाळायची, दोन-तीन वर्षं पीक घ्यायचं आणि जागा सोडून पुढे सरकायचं. दुसरं म्हणजे राब: ऐन-किंजळाच्या फांद्या छाटून, वाळवून, शेण-गवत टाकून रोपाच्या वाफ्यावर जाळायच्या. दरवर्षी छाटलेला ऐन लगेच ओळखू येतो, सरळ खांबासारखा, अंगावर गाठी आणि डोक्यावर चार पानं. वर चराई आणि उन्हाळ्यातला वणवा, मग रोपटं वाढणार कधी.

लाकूडतोड इंग्रजांच्या आधीही होतीच. 18व्या शतकाच्या सुरुवातीच्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी सागवान कसं तोडावं ते आहे, आणि रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका असंही आहे, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. इंग्रजांच्या काळात तोड प्रचंड वाढली, 1853 ला मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि मग रुळांखालचे लाकडी स्लीपर, कोळसा, बांधकाम. 1865 आणि 1878 चे वन कायदे आले, जंगल सरकारी झालं, आणि राबावरून ठाणे-कुलाब्याकडे (कुलाबा म्हणजे आताचा रायगड जिल्हा) शेतकरी आणि वन खात्याची चांगलीच जुंपली. माझं मत विचाराल तर सगळा दोष राबवाल्याच्या डोक्यावर टाकणं सोयीचं होतं, स्लीपरचा हिशोब कुणी त्याच्याइतका काढला नाही.

आणि गंमत म्हणजे गच्च झाडी म्हणजे जुनं जंगल असंही नाही. कोयना धरणाने गावं उठली, शेती थांबली, आणि जुन्या वावरांवर आधी कारवीची झुडपं आणि मग झाडं चढली. पुढच्या वेळी दाट रानात आत गेलात तर जमिनीकडे बघा, दगडाचं जोतं, उतारावर बांध, आणि मधेच भलामोठा आंबा किंवा फणस दिसला तर समजा की तुम्ही कुणाच्या तरी परसात उभे आहात. खरं जुनं रान बघायचं असेल तर जवळच्या गावातली देवराई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, विचारा, पण चप्पल बाहेर काढावी लागेल आणि काडीसुद्धा उचलू देणार नाहीत.